सरावाची रायफल

माझ्या लॅपटॉपवर 'रायफल फायनल ३' नावाची एक एक्सेल शीट आहे. तिची सुरुवात गेल्या वर्षी एका फोनने झाली. फोन खामगावहून होता, धाकट्या बहिणीचा. ती तिथल्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि एनसीसीत आहे. कॅम्पमध्ये तिला पहिल्यांदा .२२ रायफल हातात मिळाली. पंचवीस यार्डांवरून पाच गोळ्या झाडायच्या होत्या. पाचही भोकं शेगावच्या एका कचोरीखाली झाकली जातील एवढ्या जागेत पडली. एनसीसीत शिकवायला येणाऱ्या हवालदारांना सगळे 'उस्ताद' म्हणतात. उस्तादांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "इसको आगे खिलाओ."

"दादा, मले लांबचं मारायचं आहे," ती फोनवर म्हणाली. "आधी पन्नास मीटर, मंग तीनशे. सरावाले एखादी रायफल पाह्य ना."

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मोबाइल घ्यायचा असो की मिक्सर, माझी पद्धत एकच: शीट उघडायची, कॉलम पाडायचे, तुलना करायची. इथेही चार कॉलम पाडले. लायसन्स, गोळी, अंतर, किंमत. वाटलं होतं, शनिवार-रविवारात काम होईल. पण प्रत्येक कॉलममध्ये आकडा भरायला गेलो की खालून इतिहास निघायचा. या देशात सरावाची रायफल निवडायची म्हणजे काय, हे कळायला मला दीडशे वर्षं मागे जावं लागलं. किंमत हा त्यातला सगळ्यात सोपा कॉलम निघाला.

कॉलम पहिला: लायसन्स

१८५७ नंतर इंग्रजांनी लोकांच्या हातातली हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली. त्याला पक्कं रूप आलं १८७८ मध्ये, व्हाइसरॉय लिटनच्या काळात. त्या एकाच वर्षात लिटनने दोन कायदे आणले. एक देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधणारा, दुसरा हत्यारांचा. वर्तमानपत्रांचा कायदा पुढच्या व्हाइसरॉयने, रिपनने मागे घेतला. हत्यारांचा राहिला. हिंदी माणसाला बंदूक बाळगायला परवाना हवा आणि युरोपियन माणसाला सूट, असा त्याचा कारभार होता. ही वर्णभेदाची सवलत नियमांतून जायला १९२० साल उजाडलं.

आज आपल्याला वाटतं की बंदुकीच्या हक्काची भाषा अमेरिकन आहे. पण १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला होता. राष्ट्रीय सभेचं ते फक्त तिसरं अधिवेशन. पुढे अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या गांधीजींनीही या कायद्याला इंग्रजी राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत गणलं. १९३१ च्या कराची ठरावात स्वतंत्र भारतातल्या मूलभूत हक्कांची जी यादी आहे, तिच्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही आहे.

मग तो राज्यघटनेत का आला नाही? हा प्रश्न घटना समितीत विचारला गेला, आणि तो विचारणारा सदस्य आमच्याच मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेला होता. ह. वि. कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुरुस्ती मांडली. कराचीच्या ठरावाची आठवण सभागृहात होतीच. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्ती स्वीकारली नाही. हा हक्क मूलभूत करून ठेवला तर कोणाच्या हाती शस्त्र द्यायचं आणि कोणाच्या नाही, हे ठरवणं राज्याला अवघड होईल, असा त्यांचा मुद्दा होता. फाळणीच्या दंगलींना दीड वर्षही झालं नव्हतं. गांधीजींच्या खुनाला तर एक वर्षही नव्हतं झालं. त्या सभागृहात बसून दुसरं काही ठरवणं कठीणच असणार.

पण त्याच १९४८ सालात आणखी एक कायदा झाला होता: एनसीसीचा. म्हणजे नव्या देशाने एकाच वर्षात दोन गोष्टी ठरवल्या. बंदूक बाळगणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. मात्र कॉलेजातल्या पोरापोरींना देखरेखीखाली नेम धरायला शिकवायचं, हे सरकारचं काम आहे. मला हे वाचताना थांबावं लागलं. हक्क नाही, पण सराव आहे. सामान्य माणसाच्या हातात या प्रजासत्ताकाने आपण होऊन दिलेली बंदूक एकच, ती सरावाची. खामगावात १३ महाराष्ट्र बटालियनच्या कॅम्पमध्ये माझ्या बहिणीच्या खांद्याला जी रायफल लागली, ती त्या निर्णयाची शेवटची कडी होती.

तीनच वर्षांनी, १९५१ मध्ये, नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचे संस्थापक अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे पुढे पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झालेले दादासाहेब मावळंकर. मूळ घराणं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचं, जन्म बडोद्याचा, सगळी कारकीर्द अहमदाबादची. वकील, गांधीजींचे सहकारी, स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. संसद चालवणाऱ्या अशा माणसाला नेमबाजीची संघटना काढावीशी वाटली, हे आधी मला विचित्र वाटलं. पण वरच्या दोन निर्णयांशेजारी ठेवून पाहिलं की त्याची संगती लागते. हत्यार हक्क म्हणून द्यायचं नसेल, तर ते शिस्त म्हणून, खेळ म्हणून द्यायला कोणीतरी संस्था उभी करायला हवी होती. आज देशभरातले होतकरू नेमबाज राष्ट्रीय पातळीची पहिली पायरी चढतात ती अनेकदा मावळंकरांच्याच नावाच्या स्पर्धेत. त्यातल्या कितीजणांना हे मावळंकर कोण ते माहीत असेल, कोण जाणे. मला नव्हतं.

आता शीटकडे. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा आला, तो लागू झाला १९६२ मध्ये. आज नियम आहेत २०१६ चे. बहिणीच्या बाबतीत त्यांचा अर्थ एवढाच: स्वतःच्या नावावर बंदुकीचा परवाना मिळायला वय २१ पूर्ण हवं. ती १९ ची. तोवर तिला क्लबमध्ये, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, दुसऱ्याच्या रायफलवरच सराव करता येतो. परदेशी मॅच रायफल आयात करायची सवलत मिळते ती आधीच राष्ट्रीय पातळीवर ठरावीक गुण मिळवून दाखवलेल्यांना. चांगली रायफल मिळवायला आधी चांगला नेम हवा, आणि चांगला नेम मिळवायला आधी चांगली रायफल. आमच्या क्षेत्रात याला डेडलॉक म्हणतात.

मी पहिल्या कॉलममध्ये '.२२: नाही' असं लिहिलं आणि दुसऱ्याकडे वळलो.

कॉलम दुसरा: गोळी

'सरावाची रायफल' ही कल्पना फार जुनी नाही. ती एका फजितीतून आली. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांची बोअर लोकांशी लढाई झाली. बोअर म्हणजे डच वंशाचे शेतकरी. त्यांच्या हातात जर्मन माऊझर रायफली होत्या आणि लहानपणापासून मोकळ्या माळावर शिकार केल्याने लांबचा नेम पक्का होता. जगातल्या सर्वांत मोठ्या साम्राज्याच्या पलटणी त्यांच्यासमोर सुरुवातीला सपाटून मार खात होत्या. युद्धानंतर इंग्लंडभर छोट्या रायफलींचे क्लब निघाले. कारकून, कामगार, शाळकरी मुलं, सगळ्यांना नेमबाजी शिकवायची तर लष्करी .३०३ ची गोळी महाग, तिचा धक्का जबर आणि तिला मैदान लागतं मैलभराचं. म्हणून जुन्या लष्करी रायफलींना बारीक .२२ च्या नळ्या बसवल्या. वजन तेच, घोडा तोच, नेमाची पद्धत तीच. फक्त गोळी छोटी आणि स्वस्त. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तर .२२ च्या वेगळ्या स्पर्धाही झाल्या. आपल्या एनसीसीतली .२२ त्याच विचारातून आलेली आहे.

दोन्हींतला फरक मी आकड्यांत मांडून पाहिला. .३०३ ची गोळी साधारण ११ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ७४० मीटर. ऊर्जा निघते ३,००० ज्यूलच्या वर. .२२ ची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, वेग सुमारे ३२५ मीटर, ऊर्जा १४० ज्यूलच्याही आत. वीसपटीहून जास्त फरक. पण ही छोटी गोळीही खेळणं नव्हे. मोकळ्या रानात ती किलोमीटरभराच्या पुढे जाऊ शकते. म्हणून .२२ चा सराव गच्चीवर किंवा शेतात करता येत नाही, त्याला मागे मातीचा बंधारा असलेली रीतसर रेंज लागते. मुंबईत वरळीला आहे, पुण्यात बालेवाडीला आहे. आमच्या गावातून दोन्हीकडे जायला अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते.

याच कॉलमने मला घरच्या वाटेवर आणून सोडलं. खामगाव हे कापसाचं गाव. १८७० मध्ये जलंबहून इथवर रेल्वेचा फाटा आला तो कापसाच्या गाठींसाठी. आमचे बाबा निवृत्त होईपर्यंत एका जिनिंगमध्ये हिशेब लिहायचे. लहानपणी मला कापसाचे उपयोग विचारले असते तर मी कापड, गादी आणि वात एवढेच सांगितले असते. पण धूर न करणारी बारूदही कापसापासून बनते. कापसाचा तंतू नायट्रिक आणि सल्फ्युरिक ॲसिडच्या मिश्रणात भिजवला की तो स्फोटक होतो. .३०३ च्या काडतुसात जी कॉर्डाइट भरत, तिच्या मूळ कृतीत ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के असा कापूस आणि ५ टक्के पेट्रोलियम जेली होती. ज्या लोकांच्या हातून बंदूक काढून घेतली, त्यांच्या शेतातलं पीकच बंदुकीच्या पोटात जात होतं. बाबांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे भाव आपल्याले कापसाचाच भेटला ना, बारुदीचा नाही."

खामगावहून नांदुरा, मलकापूर, मुक्ताईनगर करत भुसावळकडे निघालं की अलीकडे वरणगाव लागतं. तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लष्कराच्या रायफलींची काडतुसं बनतात. म्हणजे गोळ्यांचा कारखाना आमच्यापासून दोन-तीन तासांवर आहे. पण स्पर्धेतल्या नेमबाजाच्या डबीत पाहिलं तर गोळी असते ब्रिटिश एलीची, फिनलंडच्या लापुआची किंवा जर्मन आरडब्ल्यूएसची. लढाईची गोळी माणसाएवढ्या आकाराला लागली की काम झालं. मॅचची गोळी एकाच भोकात पुन्हा पुन्हा जायला हवी, आणि दोन गोळ्यांच्या वजनातला किंचित फरकही तिथे दिसतो. दिवसाला शंभर गोळ्या धरल्या तर महिन्याला अडीच हजार. त्या कॉलममधला गुणाकार मी एकदाच केला आणि तो सेल हाइड करून टाकला.

कॉलम तिसरा: अंतर

या कॉलमने माझा सगळ्यात मोठा गैरसमज मोडला. लांबचं ते कठीण आणि जवळचं ते सोपं, असं मी धरून चाललो होतो.

आंतरराष्ट्रीय रायफल नेमबाजीत मुख्य अंतरं तीन: १० मीटर एअर रायफल, ५० मीटर .२२ आणि ३०० मीटर मोठी रायफल. ३०० मीटर ऑलिंपिकमध्ये १९७२ नंतर नाही, पण जागतिक स्पर्धांत आहे. १० मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. ५० मीटरवर दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा आणि ३०० मीटरवर १०० मिलिमीटरचा. गोळीची कड गोलाला नुसती शिवली तरी दहा मिळतात. म्हणून हिशेब गोळीच्या मध्यबिंदूचा करायला हवा. साडेचार मिलिमीटरचा छरा १० मीटरवर केंद्रापासून अडीच मिलिमीटर भरकटला तरी दहा. ५.६ मिलिमीटरची गोळी ५० मीटरवर आठ मिलिमीटर भरकटली तरी दहा. ३०० मीटरवर ८ मिलिमीटरच्या गोळीला साधारण ५४ मिलिमीटरची मुभा.

आता तिन्ही एकाच अंतरावर आणू. १० मीटरवरचे अडीच मिलिमीटर ५० मीटरवर होतात साडेबारा. ३०० मीटरवरचे ५४ मिलिमीटर ५० मीटरवर होतात नऊ. म्हणजे ५० मीटरवर तुलना अशी: साडेबारा, आठ आणि नऊ. अंतर पाचपट झालं तरी हाताच्या स्थिरतेची कसोटी फक्त दीडपट कडक होते. ५० चे ३०० झाले तर हातासाठी ती जवळपास तेवढीच राहते.

मग लांब पल्ल्यात वाढतं काय? वेळ आणि हवा. एअर रायफलचा छरा १० मीटर जायला सेकंदाचा सतरावा-अठरावा भाग घेतो आणि दीड-दोन सेंटिमीटर खाली येतो. .२२ ची गोळी ५० मीटरपर्यंत साधारण बारा सेंटिमीटर खाली येते. .३०३ सारखी गोळी ३०० मीटरवर मीटरभर. गुरुत्वाकर्षण निदान रोज सारखंच असतं, मागची साइट एकदा जुळवली की झालं. वारा मात्र प्रत्येक गोळीला वेगळा असतो. रेंजवर छोट्या झेंड्या लावलेल्या असतात, त्यांच्याकडे एक डोळा ठेवावा लागतो. ऊन तापलं की जमिनीवरून निघणाऱ्या हवेच्या लहरी दुर्बिणीतून दिसतात आणि त्या कोणत्या बाजूला वाहताहेत यावरून वारा ओळखतात. नेमबाज तिला मिराज म्हणतात, म्हणजे आपलं मृगजळ. मे महिन्यात खामगाव-नांदुरा रस्त्यावर ज्याने डांबर पाण्यासारखं हलताना पाहिलंय, त्याला ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

थोडक्यात, लांब पल्ल्याच्या नेमबाजीचे दोन भाग आहेत. शरीर, श्वास, घोडा यांचा एक आणि वाऱ्याचा दुसरा. पहिला भाग १० मीटरवर शिकता येतो, आणि तोच मोठा आहे. उलट एअर रायफल त्यात जास्त खडूस मास्तर आहे. छऱ्याचा वेग कमी, म्हणून घोडा दाबल्यावर तो नळीत जास्त वेळ रेंगाळतो. तेवढ्यात खांदा हलला, मान उचलली, की कागदावर लगेच दिसतं.

दहा मीटर आले कुठून

हा कॉलम माझ्या शीटमध्ये नव्हता. तो मागाहून घातला.

एअर रायफल आपल्याला भेटते ती जत्रेत. खामगावात कोजागिरीपासून मोठ्या देवीचा उत्सव असतो. तिथे लहानपणी मी फुगे फोडायच्या बंदुकीवर पाच रुपये घालवायचो. नळी वाकडी, माशी सैल. फुगेवाला म्हणायचा, "डाव्या फुग्यावर धर, उजवा फुटते." ते खरं निघायचं. अहमदाबादच्या 'नॅशनल' एअर गनही कित्येक घरांत असायच्या, माकडं हाकलायला. त्यामुळे एअर रायफल म्हणजे खोटी बंदूक असंच मला वाटत होतं.

ती खरी झाली ती जर्मनीत, आणि तीही बंदीमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी जर्मनीत शस्त्रं बनवायला मनाई केली. ओबर्नडॉर्फ गावातला माऊझरचा कारखाना फ्रेंचांनी मोडून टाकला. माऊझर म्हणजे तीच, बोअर शेतकऱ्यांच्या हातातली. तिथल्या दोन इंजिनिअरांनी, कार्ल वेस्टिंगर आणि एर्न्स्ट आल्टेनबुर्गर यांनी, १९४९ मध्ये त्याच गावात नवी कंपनी काढली: फाइनवेर्कबाऊ. नावाचा अर्थ साधारण 'बारीक यंत्रकाम'. पन्नाशीच्या सुरुवातीला बंधनं सैल होऊ लागली तेव्हा हवेवर चालणाऱ्या बंदुका आधी परत आल्या, कारण त्यांना कोणी शस्त्र धरत नव्हतं. फाइनवेर्कबाऊने १९६१ च्या सुमारास मॅच एअर रायफल आणली. उल्म शहरात वॉल्थर आणि आन्शुट्झ याच कामात होत्या. लढाईच्या बंदुका बनवणारे हात आता दहा मीटरवरच्या ठिपक्यासाठी घोडे घासत होते. १९६६ मध्ये एअर रायफल जागतिक स्पर्धेत आली, १९८४ मध्ये ऑलिंपिकमध्ये.

म्हणजे एकीकडे हत्यारं काढून घेतलेला जर्मनी, ज्याने ही रायफल घडवली. दुसरीकडे हत्यारं काढून घेतलेला भारत, ज्याला हीच रायफल सहज परवडणारी होती, पैशाच्या नव्हे, कायद्याच्या हिशेबात. आपल्या २०१६ च्या नियमांनुसार ज्या एअर रायफलची नळी ०.१७७ इंचांहून, म्हणजे साडेचार मिलिमीटरहून मोठी नाही आणि ऊर्जा २० ज्यूलहून जास्त नाही, तिला परवाना लागत नाही. दुकानदाराला ओळखपत्र दाखवावं लागतं, नोंद होते, एवढंच. मॅच एअर रायफलची ऊर्जा काढून पाहिली: अर्ध्या ग्रॅमचा छरा, सेकंदाला १७० ते १७५ मीटर. साधारण साडेसात ज्यूल. कायद्याच्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी.

भारताला नेमबाजीत एवढे खेळाडू १० मीटर रायफलमध्येच का मिळाले, याचं एक मोठं उत्तर या आकड्यात आहे. बीजिंगमध्ये २००८ ला अभिनव बिंद्राचं सुवर्ण १० मीटर एअर रायफलमध्ये, लंडनमध्ये २०१२ ला गगन नारंगचं कांस्य त्याच प्रकारात. आणि महाराष्ट्राची वाट पाहिली तर ती याच दारातून आत जाऊन पुढे लांब जाते. मुंबईच्या अंजली भागवत यांनी कॉलेजच्या एनसीसीत रायफल धरली, २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या एअर रायफलची अंतिम फेरी गाठली, आणि २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत एअर रायफल आणि ५० मीटर थ्री पोझिशन दोन्हींत सुवर्ण मिळवलं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते १० मीटरवर. चारच वर्षांनी म्युनिकमध्ये त्या ५० मीटर प्रोनच्या, म्हणजे पालथं पडून नेम धरण्याच्या प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. नेमबाजीत विश्वविजेती झालेली पहिली भारतीय महिला. आणि १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, मध्य रेल्वेत टीसी असलेला स्वप्नील कुसाळे ४५१.४ गुणांवर ५० मीटर थ्री पोझिशनचं ऑलिंपिक कांस्य घेऊन आला. त्या प्रकारातलं भारताचं ते पहिलं पदक.

एनसीसी, क्रीडा प्रबोधिनी, रेल्वे, क्लब. ही माणसं शस्त्रागार असलेल्या घरांतून आलेली नव्हती. त्यांच्या हातात सराव आला तो कुठल्या ना कुठल्या संस्थेकडून.

कॉलम चौथा: किंमत, आणि निर्णय

हे सगळं झाल्यावर मी बहिणीला फोन केला आणि सांगितलं, तुला पन्नास मीटरची रायफल आत्ता मिळणार नाही. ती रुसेल असं वाटलं होतं.

"मंग दहाची पाह्य," ती म्हणाली. "उस्ताद म्हनतेत, हात बसला पाह्यजे. अंतर नंतर."

मला दोन महिने लागले ते तिला उस्तादांनी एका वाक्यात सांगितलं होतं.

एअर रायफलमध्ये दोन पर्याय होते. ठाण्याच्या प्रिसिहोलसारख्या भारतीय कंपन्यांच्या नव्या रायफली, किंवा परदेशी मॅच रायफल, जुनी. स्प्रिंगची घ्यावी की दाबलेल्या हवेची? स्प्रिंगमध्ये पिस्टन पुढे जातो तेव्हा रायफल धडपडते. दाबलेल्या हवेच्या रायफलमध्ये सिलिंडरमधली थोडी हवा सुटते आणि धक्का जवळपास नसतो. बहिणीला स्पर्धेत उतरायचंय, म्हणून दुसरी. वजन साडेपाच किलोच्या आत हवं, नियम आहे. दुर्बीण चालत नाही, मागे बारीक छिद्राची साइट हवी. दस्ता आणि गालाची पट्टी कमी-जास्त करता यायला हवी, कारण बहुतेक मॅच रायफली जर्मन बांध्यासाठी बनलेल्या असतात आणि आमची बहीण पाच फूट एक इंच आहे. जुनी घेताना एक गोष्ट न चुकता पाहायची: हवेच्या सिलिंडरवरची तारीख. उत्पादक दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेलं सिलिंडर घेऊन स्पर्धेत उतरता येत नाही आणि घरातही ते भरू नये.

पुण्यातल्या एका नेमबाजाने नवीन रायफल घेतली होती, त्याने जुनी विकली. फाइनवेर्कबाऊ. सिलिंडर मात्र नवीन घ्यावं लागलं. माझा दोन महिन्यांचा पगार गेला. खामगावात ते सिलिंडर भरायची सोय नाही, म्हणून हातपंपही घेतला. तो मारायला बाबा तयार झाले. सायकलच्या पंपापेक्षा बराच जड जातो.

जागा सापडली बाबांच्या जुन्या जिनिंगमध्ये. तिथलं एक शेड आता बंद असतं. मालकांनी चावी दिली, भाडं नको म्हणाले. आम्ही टेप लावून दहा मीटर मोजले. टार्गेटमागे छरे पकडायला लोखंडी पेटी, तिच्यामागे जाड फळी आणि फळीमागे वाळूची पोती. शेडला एकच दार, ते आतून बंद करायचं आणि बाहेर बाबांनी खुर्ची टाकून बसायचं, हा नियम पहिल्याच दिवशी ठरला. वाशांवर अजून सरकीचे तंतू चिकटलेले आहेत. भिंतीवर जुन्या गाठींचे आकडे आहेत, त्यातले काही बाबांच्या अक्षरातले.

सराव पाहून मला आश्चर्य वाटलं. तासातला निम्मा वेळ ती छराच घालत नाही. रिकामी रायफल धरते, श्वास सोडते, घोडा दाबते, टक् आवाज येतो, आणि ती तशीच थांबून राहते. मी विचारलं, काहून? म्हणाली, "माशी हालली का ते पाहून राह्यली." साठ छऱ्यांच्या सामन्यात तिला अजून राज्य पातळीला पुरतील एवढे गुण पडत नाहीत. मागच्या महिन्यात जिल्ह्यात पडले.

एकविसावं लागायला तिला दीड वर्ष आहे. तोवर पन्नास मीटर फक्त कॅम्पमध्ये किंवा पुण्याला माझ्याकडे आली की क्लबच्या रायफलवर. शीटमध्ये तिने स्वतः एक पाचवा कॉलम पाडला आहे. नाव दिलंय 'वारा'. त्यात अजून काही भरलेलं नाही. पण परवा मे महिन्याच्या उन्हात मलकापूरकडे जाताना ती एसटीच्या खिडकीतून रस्त्याकडे बराच वेळ पाहत होती. मी काय म्हणून विचारलं.

"डाव्याकडून उजवीकडे," ती म्हणाली. "हळू आहे."